जांघेतली गाठ मेलानोमाची निघाली, पहिले ऑपरेशन का पहिले इम्युनोथेरपी?

संत्र्याचा_भाचा

नमस्कार, नागपूर-विदर्भातलं कोणी यातून गेलं असेल तर प्लीज वाचा, थोडं लांबलं आहे.

माझे मोठे मामा, वय ६१, काटोल साईडला संत्र्याची बाग, अख्खं आयुष्य अनवाणी नाहीतर स्लिपरवर गेलं. उजव्या टाचेला काळा डाग होता दोन वर्षं तरी. आधी वाटलं बाभळीचा काटा आत मोडला, मग म्हणे कुरूप आहे, कॉर्न कॅप लावून झाली, गावातल्या एकानं तर ब्लेडनं खरवडूनही दिलं. मागच्या दिवाळीनंतर त्यातून रक्त यायला लागलं तेव्हा मी जबरदस्तीनं नागपूरला घेऊन आलो. बायोप्सीत अ‍ॅक्रल मेलानोमा, म्हणजे तळपाय-तळहाताच्या कातडीचा एक कॅन्सर, आला, ब्रेस्लो जाडी (तो कातडीत किती खोल गेला ते माप) ३.२ मिलीमीटर, वरून अल्सरेशन (वरची कातडी फुटलेली) आहे असं लिहिलं होतं. दोन सेंटीमीटर मार्जिन घेऊन टाचेचा तो भाग काढला, मांडीची कातडी लावली. तेव्हा जांघेत हाताला काही लागत नव्हतं, सोनोग्राफीही नॉर्मल, आम्ही खूश.

आता पोळ्याच्या आठवड्यात मामा म्हणतात जांघेत अवधाण आलं आहे, पायाला काही लागलं असेल. घरात सगळ्यांनी मानलं, कारण पायाला जखम झाली की अवधाण येतंच. आठ दिवसांत गेलं नाही म्हणून दाखवलं, सुईची तपासणी केली तर मेटास्टॅटिक, म्हणजे टाचेतून पसरलेला, मेलानोमा. पेट-सीटीमध्ये उजव्या जांघेत दोन गाठी, मोठी २.८ सेंटीमीटर, बाकी पेल्विस, लिव्हर, फुफ्फुसं साफ. मेंदूचा एमआरआय पण साफ.

आता घोळ असा आहे का एक सर्जन म्हणून राहिले पुढच्या मंगळवारी जांघेतल्या सगळ्या गाठी काढून टाकू, नंतर औषध. दुसरे डॉक्टर, औषधवाले, म्हणतात थांबा, पहिले इम्युनोथेरपीचे, म्हणजे शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणाऱ्या औषधाचे, दोन-तीन डोस, मग ऑपरेशन. मामी म्हणतात लोखंड लागलं का पसरते, अजिबात कापू नका. आणि माझ्या मावसभावानं नेटवर वाचलं का २०१७ च्या मोठ्या स्टडीत गाठी काढून काही फायदा होत नाही असं सिद्ध झालं. मी इंजिनियर माणूस, मला काही समजत नाही, मंगळवार जवळ येऊन राहिला. आणि एक राग पण आहे डोक्यात, आधीच्या वेळी ते सेंटिनेल नोड का काय ते कोणी बोललंच नाही. तेव्हाच केलं असतं तर?

---

महालकर_काका

भाऊ तुझ्या मामींचं ऐक. आमच्या गल्लीत एकाचं जांघेचं ऑपरेशन झालं, चार महिन्यांत गेला बिचारा. आणि मावसभाऊ बरोबर सांगून राहिला, मी पण वाचलं आहे, फॉरेनला आजकाल गाठी काढतच नाहीत, फक्त सोनोग्राफी करून लक्ष ठेवतात. आपल्याकडे अजून कापाकापीच चालू आहे.

---

हिरवा_गाऊन

काका, रागावू नका पण हे अर्धं वाचलेलं आहे आणि अर्धं वाचलेलं जास्त घात करते. मी कॅन्सर सर्जरीत शिकून राहिलो, घर नागपूरचंच, म्हणून लिहितो. इथं कोणाचं ट्रीटमेंट ठरवत नाही, ते मामांच्या डॉक्टरांचं काम.

आधी सेंटिनेल म्हणजे काय ते. बागेत पाटाचं पाणी सोडलं का पहिल्या आळ्यात पहिले जातं, मग पुढच्या. टाचेवरून निघणाऱ्या लिम्फच्या, म्हणजे अंगातल्या पाण्याच्या, बारीक नळ्या पण अशाच जांघेतल्या कोण्या एका गाठीत पहिले उतरतात, ती सेंटिनेल. डागाच्या जागी निळा रंग आणि टेक्निशियमचं रेडिओअ‍ॅक्टिव्ह इंजेक्शन द्यायचं, जी गाठ निळी होते किंवा प्रोबवर आवाज करते तेवढीच काढून तपासायची. १९९२ मध्ये डोनाल्ड मॉर्टन या अमेरिकन सर्जननं मेलानोमासाठी हे छापलं, तेव्हा निळ्या रंगावर, त्याच्या आधी काही नसताना पण जांघ उकलायचे किंवा गाठ येईपर्यंत वाट बघायचे.

आता तो २०१७ चा स्टडी. नाव एमएसएलटी-२, एकोणीसशेच्या वर पेशंट. त्यात कोण होते? ज्यांच्या जांघेत किंवा काखेत हाताला काहीही लागत नव्हतं आणि फक्त सेंटिनेल तपासल्यावर त्यात कॅन्सर सापडला, असे लोक. अर्ध्यांच्या उरलेल्या सगळ्या गाठी काढल्या, अर्ध्यांना सोनोग्राफीवर ठेवलं, दोन वर्षं दर चार महिन्यांनी, मग दर सहा महिन्यांनी. तीन वर्षांनी मेलानोमातून वाचलेले दोन्हीकडे सारखेच, ८६ टक्के. आणि हातापायाला सूज ज्यांच्या सगळ्या गाठी काढल्या त्यांच्यात २४ टक्के, दुसऱ्यांमध्ये ६. त्याच्या एक वर्ष आधी जर्मनीच्या स्टडीतही तसंच दिसलं होतं. म्हणून सेंटिनेल पॉझिटिव्ह आली म्हणून बाकीच्या गाठी लगेच काढायची पद्धत मागे पडली, हे खरं आहे.

पण मामांची गाठ हाताला लागते! २.८ सेंटीमीटरची! हे लोक त्या स्टडीत नव्हतेच. ज्याला आम्ही क्लिनिकली पॉझिटिव्ह म्हणतो, त्यात जांघेतल्या गाठींचं पूर्ण ऑपरेशन अजूनही ट्रीटमेंटचा भाग आहे. नुसतं बघत बसलं तर गाठ कातडी फोडून बाहेर येते, रक्त, वास, पायाला जाणाऱ्या रक्तवाहिनीला चिकटते, ते मी वॉर्डात बघितलं आहे, कोणाला सांगू नये असं असतं. त्यामुळे ‘काढायची का’ हा मामांचा प्रश्नच नाही, ‘कधी काढायची’ हा आहे.

आणि तिथं तुमचे दुसरे डॉक्टर नव्या गोष्टी बोलून राहिले. दोन स्टडी. २०२३ चा एस-१८०१, ३१३ पेशंट, सगळ्यांना पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाचे एकूण १८ डोस. फरक एवढाच का एका गटाला १८ चे १८ ऑपरेशननंतर, दुसऱ्याला ३ आधी आणि १५ नंतर. औषध तेच, डोस तेवढेच, फक्त क्रम वेगळा. दोन वर्षांनी आजार न वाढता, न परतता राहिलेले ७२ टक्के विरुद्ध ४९ टक्के. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा परत मागं जाऊन आकडे बघितले होते. मग २०२४ चा नॅडिना, ४२३ पेशंट, इपिलिमुमॅब आणि निव्होलुमॅब ही इम्युनोथेरपीची दोन औषधं मिळून दोन डोस, सहाव्या आठवड्यात ऑपरेशन. वर्षभरानंतर आजार न वाढता, न परतता राहिलेले ८३.७ टक्के, आणि आधी ऑपरेशन मग निव्होलुमॅब अशा गटात ५७.२. आधी औषध घेतलेल्यांपैकी ५९ टक्के लोकांच्या काढलेल्या गाठींत जिवंत कॅन्सर दहा टक्के किंवा त्याहून कमी उरला होता आणि त्यांना नंतर कुठलंच औषध दिलं नाही.

असं का होते त्याचं साधं कारण सांगतात ते असं का गाठ अंगात असेपर्यंत शरीरातल्या टी पेशींना दुश्मनाचा चेहरा समोर दिसत राहतो, ओळखून घ्यायला वेळ मिळतो. गाठ काढून मग औषध दिलं का चेहराच गायब.

आता दुसरी बाजू पण लिहितो नाहीतर मी औषधवाल्यांचा एजंट वाटेन. एक, हे एक-दोन वर्षांचे आकडे आहेत, दहा वर्षांचे नाहीत. दोन, पेशंट मुख्यतः ऑस्ट्रेलिया, युरोप, अमेरिकेतले, त्यांचा मेलानोमा उन्हाच्या कातडीचा. आपल्याकडे तळपाय, तळहात, नखाखालचा जास्त, आणि हा अ‍ॅक्रल प्रकार इम्युनोथेरपीला तुलनेनं कमी जुमानतो. तीन, साईड इफेक्ट. नॅडिनात आधी औषध घेतलेल्यांपैकी जवळपास ३० टक्क्यांना औषधाचे गंभीर त्रास झाले. जुलाब, लिव्हर, थायरॉईड, आणि अ‍ॅड्रिनल बसलं तर कॉर्टिसॉल खाली जातं. ऑपरेशनच्या आधी टीएसएच (थायरॉईडची तपासणी) आणि कॉर्टिसॉल तपासल्याशिवाय टेबलावर घेऊ नका हे तुम्ही स्वतः विचारा, कमी कॉर्टिसॉलमध्ये भूल दिली तर बीपी कोसळू शकते.

लोखंड लागलं का पसरते, तर नाही. पसरलं होतं म्हणूनच जांघेत आलं. लोकांना तसं वाटते कारण बहुतेक जण उशिरा येतात, ऑपरेशन होते आणि आधीच दुसरीकडे गेलेला आजार नंतर दिसतो. तुमच्याकडे गाठ कोणी नुसती उकलून न काढता सुईनं तपासली हे चांगलं झालं, अर्धवट उकललेल्या जांघेवर नंतर नीट ऑपरेशन करणं म्हणजे चिखलात सुई शोधणं.

आणि तो राग. त्या जाडीला सेंटिनेलबद्दल बोलायला हवं होतं, हो. पण सेंटिनेल केलेल्या आणि न केलेल्या लोकांची तुलना झाली त्यात एकंदर जगण्यात फरक निघाला नव्हता. स्टेज लवकर कळली असती, औषधाचं लवकर ठरलं असतं, एवढं. त्यावर आता रात्रीची झोप घालवू नका.

---

मनीषनगरची_ताई

वरच्या डॉक्टर भाऊंनी स्टडी सांगितले, मी घरचं सांगते. माझ्या मिस्टरांच्या डाव्या तळपायाला होतं, चार वर्षांआधी जांघेचं ऑपरेशन झालं. तेव्हा हे आधी औषध वगैरे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, सरळ ऑपरेशन, नंतर इम्युनोथेरपी.

ऑपरेशनपेक्षा नंतरचे दोन महिने जड गेले. मांडीच्या वरची सगळी चरबी आणि गाठी एका तुकड्यात काढतात, मोठी रक्तवाहिनी उघडी पडते म्हणून मांडीचाच एक स्नायू वळवून तिच्यावर पांघरूण घालतात. ड्रेनची नळी २४ दिवस होती हो, मे महिना, बाहेर ४५, कूलरसमोर बसून दर सकाळी आठला बाटली मोजायची आणि पोराच्या जुन्या वहीत लिहायचं. १८०, १५०, परत १७०. सलग दोन दिवस ३० एमएलच्या खाली आलं का काढू म्हणाले होते, मी एका दिवशी ३२ आलं तर रडली. टाक्यांची एक कड काळी पडली, मग सहा आठवडे ड्रेसिंग. जांघेत हे होतच असते म्हणे, तिथली कातडी पातळ, घाम, बसता-उठता घडी पडते. आम्हाला आधी कोणी सांगितलं असतं तर इतकं घाबरलो नसतो, म्हणून तुला सांगून ठेवते. मांडीच्या पुढच्या भागाला बधिरपणा आहे तो अजून आहे, त्याची सवय झाली.

सूज चौथ्या महिन्यात आली. शेजारच्या काकू म्हणे हत्तीपाय झाला, आशा वर्कर येते त्या फायलेरियाच्या गोळ्या मागून घ्या. आपल्याकडे तो आजार आहे म्हणून लोकांना सुजलेला पाय म्हटला का तेच सुचते. हा डास चावून झालेला नाही, गाठी काढल्यामुळे पाणी वर चढायचा रस्ता बंद झाला आहे, गोळीनं काय होणार. फिजिओवालीनं हलक्या हाताचा मसाज शिकवला, प्रेशरचा लांब स्टॉकिंग दिला, सकाळी पलंगावरून उतरायच्या आधी घालायचा. नागपूरच्या उन्हाळ्यात तो घालणं म्हणजे शिक्षाच आहे, खोटं नाही बोलणार.

दोनदा सेल्युलायटिस, म्हणजे पायाच्या कातडीत इन्फेक्शन, झालं. दुपारी चांगला माणूस, संध्याकाळी हुडहुडी भरून १०३ ताप आणि पाय लाल टमाटर. दोन्ही वेळेला मूळ कुठं सापडलं तर बोटांच्या बेचक्यात, ओलसर राहून चिखल्या झालेल्या. तेव्हापासून अंघोळ झाली का बेचके कोरडे पुसून पावडर, नख कापायचं मी, आणि घरात पण चप्पल. तुझे मामा शेतात अनवाणी जातात ना, ते विसरायला लागेल. हे त्यांना ऑपरेशनपेक्षा जड जाईल बघ.

चार वर्षं झाली, स्कॅन साफ आहेत, दुकानात बसतात, दुपारी पाय स्टुलावर.

---

संत्र्याचा_भाचा

ताई, डॉक्टर, हे मी मामांना रात्री फोनवर वाचून दाखवलं, मामींना पण स्पीकरवर. मामींनी विचारलं ते चाकू आधी का औषध आधी म्हणजे चाकू तर लागणारच का. हो म्हटलं तर गप्प बसल्या.

मंगळवारचं पुढं ढकललं. सर्जननी राग नाही केला, उलट म्हणाले दोघांनी एकत्र बसून बोर्डात, म्हणजे डॉक्टरांच्या बैठकीत, ठरवू, मलाच वाटत होतं ते चिडतील.

पण पैशाचं काय. दोन औषधांच्या कॉम्बिनेशनचा कोटेशन बघून मामांनी विचारलं बागेतली किती झाडं विकायची ते सांग.

---

सीताबर्डी_अकाउंट्स

पैशाचं मी सांगतो, आईच्या वेळी सगळं केलं आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे, हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राच्या टेबलावर जाऊन ऑपरेशनचं पॅकेज आणि इंजेक्शन दोन्ही वेगवेगळं विचार. ऑपरेशन बसलं म्हणजे इम्युनोथेरपी बसलीच असं समजू नको, लेखी विचार. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा फॉर्म वेगळा भर. औषध कंपनीची पेशंटला मोफत डोस द्यायची स्कीम असते, ती कंपनी तुला फोन करून सांगणार नाही, डॉक्टरांच्या असिस्टंटला धरावं लागते. रेशनकार्ड, सातबारा, आधार याच्या दहा-दहा झेरॉक्स एका फोल्डरमध्ये ठेव, रोज लागतात.

सेकंड ओपिनियनला टाटाला जायचं असेल तर कॅन्सर पेशंटला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट माफ आहे, सोबतच्याला ७५ टक्के सूट, हॉस्पिटलचं सर्टिफिकेट लागते. विदर्भ एक्सप्रेसनं रात्रभरात मुंबई. पण मला विचारशील तर आधी रिपोर्ट ऑनलाईन पाठवून मत घे, जांघेत गाठ असलेल्या माणसाला उगाच दादरच्या जिन्यांवर चढवू नको. आपल्याकडे नागपुरात मेडिकल, एम्स, जामठा, तुकडोजी, एवढी हॉस्पिटलं आहेत आता, आईच्या वेळी निम्मंही नव्हतं.

आणि एक, टाटावाल्यांनी निव्होलुमॅब अगदी कमी डोसमध्ये, २० मिलीग्रॅम, देऊन बघितलं आहे, त्यात खर्च खूप कमी होतो. ते विचारून बघ.

---

हिरवा_गाऊन

शेवटच्या मुद्द्यावर ब्रेक लावतो. तो कमी डोसचा स्टडी डोक्या-मानेच्या कॅन्सरचा आहे, आपल्या खर्रा-तंबाखू खाणाऱ्या लोकांचा, आणि पसरलेल्या आजारात तोंडानं घ्यायच्या केमोसोबत. त्यावरून मेलानोमात ऑपरेशनच्या आधी तेवढाच डोस पुरतो असं म्हणता येत नाही. डॉक्टरांना जरूर विचारा, पण हट्ट धरू नका.

दोन औषधं परवडत नसतील तर एकच, पेम्ब्रोलिझुमॅबचे तीन डोस आधी, हा एस-१८०१ चा रस्ता आहे, साईड इफेक्ट पण दोघांच्या जोडीपेक्षा कमी. गाठीतल्या बीआरएएफ जीनची टेस्ट पाठवली का? अ‍ॅक्रलमध्ये ते म्युटेशन कमी सापडते पण सापडलं तर नंतर गोळ्यांचा पर्याय उघडतो. किट नावाचा जीन पण बघायला सांगा.

आणि औषध चालू असताना गाठ मोठी झाल्यासारखी वाटली तर घाबरून औषध बंद करू नका आणि गप्प पण बसू नका. कधी कधी आत पेशी शिरून सूज येते, कधी खरंच आजार वाढतो, हाताला दोन्ही सारखंच लागते. सोनोग्राफी, गरज पडली तर स्कॅन. खरंच वाढत असेल तर ऑपरेशन अलीकडे ओढतात, म्हणून सर्जन पहिल्या दिवसापासून सोबत पाहिजे.

---

महालकर_काका

डॉक्टर साहेब, मी आपलं ऐकीव बोललो. एक विचारतो, आधी औषधानं गाठीतला कॅन्सर मेलाच असेल तर मग सगळ्या गाठी कशाला काढायच्या, एकच काढा न.

---

हिरवा_गाऊन

काका, आता तुम्ही शास्त्रज्ञांसारखा प्रश्न विचारला. नेमकं हेच प्राडो नावाच्या स्टडीत केलं. सगळ्यात मोठ्या गाठीत आधी बारीक मार्कर ठेवला, औषधानंतर फक्त तीच काढली, तिच्यात कॅन्सर जवळजवळ मेलेला निघाला त्यांची बाकी जांघ उकललीच नाही. साधारण साठ टक्के लोक असे निघाले. पण स्टडी छोटा, ९९ लोकांचा, अजून रोजच्या कामात तसं करा असं ठरलेलं नाही. नॅडिनात पूर्णच काढल्या होत्या. मामांसाठी मी असलो असतो तर पूर्णच सांगितलं असतं, अ‍ॅक्रल आहे आणि दोन गाठी आहेत म्हणून. ताईंच्या मिस्टरांसारखा पाय पुढच्या पिढीतल्या पेशंटला सोसायला लागू नये एवढी इच्छा आहे.

---

संत्र्याचा_भाचा

अपडेट देतो, बरेच दिवस आलो नाही. बोर्डात ठरलं, पेम्ब्रोलिझुमॅब तीन डोस, मग जांघेचं पूर्ण ऑपरेशन, पेल्विसमध्ये काही नाही म्हणून तिथल्या गाठींना हात लावायचा नाही. बीआरएएफ निगेटिव्ह, किटचा रिपोर्ट यायचा आहे. एक डोस कंपनीच्या स्कीममधून मिळाला, बाकीचं मोठ्या मावशीनं आणि आम्ही मिळून.

पहिल्या डोसनंतर दहा दिवसांनी गाठ मोठी लागायला लागली, मामींनी रात्री अकराला फोन करून मला नाही नाही ते सुनावलं. तुम्ही लिहिलेलं होतं म्हणून सकाळी सरळ सोनोग्राफीला नेलं. माप जवळपास तेवढंच निघालं. दुसरा डोस झाला तेव्हापासून मऊ वाटते म्हणतात मामा, पण मामा डॉक्टरला खूश करायला पण बोलतात. टीएसएच थोडा वर गेला, गोळी सुरू केली. कॉर्टिसॉलचं मी स्वतःहून विचारलं तर डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून बघितलं, कुठून शिकून आले म्हणे.

ऑपरेशन नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. मामांनी सर्जनला विचारलं अंबिया बहाराचा माल तुटायचा आहे, व्यापारी येणार, पंधरा दिवस मागं करता येते का. सर्जन म्हणाले माल भाच्याला तोडायला लावा. तर आता मी सुट्टी टाकून कॅरेट मोजणार आहे.

ताई, तो स्टॉकिंग आधीच आणून ठेवू का? बर्डीवर मिळते का?

---

मनीषनगरची_ताई

आत्ता नको आणू, ऑपरेशननंतर पायाचं माप बदलते, घट्ट झाला तर फेकावा लागते, स्वस्त नाहीत ते. आत्ता एक कर. शिंप्याची टेप घे आणि मामांच्या दोन्ही पायांचं माप घेऊन ठेव, घोटा, पोटरी, गुडघा आणि मांडी, गुडघ्यापासून किती बोटं वर घेतलं ते पण लिही, सकाळी, चहाच्या आधी. आमचं ऑपरेशनच्या आधीचं माप नव्हतं, मग नंतर फिजिओवाली विचारे मूळ किती होता आणि आम्ही दुसऱ्या पायाकडं बघून अंदाज सांगायचो. आणि बेचक्यात चिखल्या असतील तर आत्ताच मलम सुरू करा, ऑपरेशनच्या आधी वाळल्या पाहिजेत.

---

संत्र्याचा_भाचा

घेतलं माप. उजवी पोटरी ३४, डावी ३३.५. चिखल्या निघाल्या, दोन्ही पायांना. मामी म्हणतात चाळीस वर्षांपासून आहेत.